शेजारणीची परवानगी

"अक्का, ते आधी खाली ठेव. शेजारीण बघेल."

रणजित स्वयंपाकघराच्या दारातून ओरडला तेव्हा ड्रोन माझ्या तळहातावर होता. त्याचे पंखसुद्धा उघडलेले नव्हते. बंद ड्रोन हातात घेऊन अंगणात उभं राहणं हा इंग्लंडात गुन्हा आहे, असं काही मी वाचलं नव्हतं. आणि तोवर मी बरंच वाचलं होतं.

"बघू दे की. बघितल्यानं काय होतंय?"

"इथं होतं. ती पोलीस बोलावेल."

"कशाबद्दल?"

"कुंपणापलीकडं तिची हद्द आहे. प्रायव्हेट प्रॉपर्टी. तिच्या हद्दीवरनं कॅमेरा न्यायचा नाही म्हणजे नाही. आपल्याकडच्यासारखं नाही इथं."

'आपल्याकडच्यासारखं नाही इथं' हे वाक्य मी विमानतळावर उतरल्यापासून ऐकत होते. कचऱ्याच्या डब्यापासून पावापर्यंत सगळ्याला ते लागू पडायचं. माझा धाकटा भाऊ, ज्याच्या नाकाचा शेंबूड मी पदरानं पुसला, तो मला रोज नवा कायदा शिकवत होता. मी ड्रोन पिशवीत घातला आणि चहा टाकायला आत गेले. चहा टाकताना भांडी जरा जास्तच वाजली असतील.

मी विट्याची. आमचा फोटो स्टुडिओ आहे. आमच्या ह्यांचे गुडघे गेल्यावर लग्नांची शूटिंगं माझ्याकडं आली, आणि लग्नात ड्रोन मागायची पद्धत पडल्यावर तोही माझ्याच गळ्यात पडला. शिकवायला कुणी नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि गच्चीवर करून बघायचं. पहिला शेजारच्या शेवग्यात अडकला, दुसरा मांडवाच्या झालरीत गुंतला, तिसऱ्यापासून हात बसला. इंग्रजीही मॅन्युअल वाचूनच आलेलं. त्यामुळं 'कॅलिब्रेट', 'ऑब्स्टॅकल', 'रिटर्न टू होम' हे मला झोपेतही म्हणता येतं, पण दुकानात चमचा मागायचा तर हातानं खाऊन दाखवावं लागतं.

आमच्याकडं ड्रोन वर गेला की खालची माणसं हात हलवतात. "ताई, आमच्या रानावरनं बी एक चक्कर मारा की!" कुणाच्या परड्यातली म्हैस चित्रात आली तर मालक भांडत नाही, तिचा वेगळा फोटो मागतो. हद्द, परवानगी हे शब्द आमच्याकडं जमिनीवर चालतात. आभाळात त्यांना कुणी नेलेलं नव्हतं.

आणि मी हा ड्रोन हौसेनं आणला नव्हता. निघायच्या आधी आबांनी मला बोलावून घेतलं होतं. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती; नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसायचं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे तेवढी टिकवायला बघू, पण भरवसा देता येत नाही.

"सरू, मला रणजितचं रान बघायचंय," आबा म्हणाले.

"फोटो दाखवलेत की, आबा."

"ते फोटो न्हवं. त्यात ह्योच हुबा ऱ्हातो हासत, आन् रान मागं लपतंय. तू वरनं काढ. चारी बांध दिसलं पायजेत. बांध बघितल्याबिगर रान बघितलं असं हुतंय व्हय?"

आबा गावात बांधाचे पंच. कुणी कुणाचा बांध कोरला की मोजणीवाल्याच्या आधी आबांना बोलावणं यायचं. लोकांच्या एवढ्या वाटण्या त्यांनी करून दिल्या, पण आमच्या घरात वाटणी हा शब्द शिवीसारखा. आबा आणि नानाकाका, दोघा भावांची जमीन शेवटपर्यंत एका खात्यावर राहिली. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ही गोष्ट मिळायची. पुढं त्यात रणजितची भर पडली: पोरानं इंग्रजाच्या देशात साडेचार एकर घेतलं, एका तुकड्यात, सफरचंदाच्या झाडांसकट.

ते साडेचार एकर मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. शेतकऱ्याची पोर मी. रान डोळ्यांत मावतं. घराच्या मागं उतारावर झाडं, मग हिरवं गवत, आणि मग एकदम उंच लाकडी कुंपण. पलीकडं शेजारीण.

"हे साडेचार एकर वाटत नाही रे," मी म्हणाले होते.

"उतार आहे ना. इकडचा एकर जरा लहान दिसतो."

"एकर इंग्रजांचाच. त्यांच्याच गावात तो लहान कसा दिसतो?"

त्यावर रणजित हसला होता आणि मला सफरचंदाची झाडं दाखवायला घेऊन गेला होता.

ड्रोनचं तो नाही कधीच म्हणाला नाही. नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते, आणि माझ्याशी भांडून तो कधी जिंकलेला नाही. तो फक्त नियम आणायचा. पहिल्यांदा नोंदणी आणि परीक्षा निघाली. ती मी त्याच्याच टेबलावर बसून, शब्दकोश शेजारी घेऊन दिली. पास झाले, नंबर छापून ड्रोनच्या पोटाला चिकटवला. "अरे वा," रणजित म्हणाला, पण दाढ दुखत असताना म्हणावं तसं. मग वारा आला. वारा पडला तर रस्त्यापलीकडच्या शेतकऱ्याच्या मेंढ्या व्यालेल्या, त्या बिथरतील म्हणाला. मेंढ्या टेकडीवर हलवल्या तर ह्या भागात सैन्याची विमानं फार खालून जातात म्हणाला. त्याची माहिती कुठं मिळते ते शोधून, त्या आठवड्यात तसलं काही नाही, हेही मी त्याला दाखवलं. एवढं सगळं संपल्यावर शेजारीण निघाली.

"नाव काय तिचं?" मी चहा देता देता विचारलं.

"मिसेस... व्हिटकॉम."

"मी जाऊन विचारते."

"अजिबात नको! तिरसट म्हातारी आहे. मागच्या वर्षी पोस्टमनच्या अंगावर कुत्रं सोडलं तिनं."

"मग तू विचार."

"विचारलं. नाही म्हणाली."

"कधी विचारलंस?"

"आत्ता. म्हणजे, काल."

"चारू असती तर तिनं नीट विचारलं असतं. बाईनं बाईला विचारलेलं बरं असतं."

रणजित कपात चमचा फिरवायला लागला. चहात साखर नव्हतीच.

चारू म्हणजे चारुशीला, त्याची बायको. दवाखान्यात नर्स. नणंद पहिल्यांदा घरी येणार म्हटल्यावर हिचं नेमकं ट्रेनिंग निघालं, तेही लांब स्कॉटलंडला. दिवाळीला व्हिडिओवर दोघं शेजारी बसून करंज्या दाखवत होती, आणि आता मी आले तर घरात बाईमाणूस नाही, फडताळात हिंग नाही, आणि भावाच्या हातचा पाव. मनात राग होता माझ्या. परत जायचं तिकीट जवळ आलं होतं, आणि तिकडं आबा रोज ह्यांना विचारत होते, "सरूचा ड्रोन उडाला का?"

त्याच दुपारी मी पाय मोकळे करायला गावाच्या मैदानाकडं गेले. तिथं एक म्हातारा खेळण्यातलं विमान उडवत होता. विमान मोठं, म्हातारा लहानखुरा. मी जरा वेळ उभी राहून बघितलं. वळण घेताना त्याचा अंगठा कसा हलतो ते बघितलं आणि न राहवून म्हणाले, "व्हेरी स्मूथ."

त्याला तेवढं पुरलं. ब्रायन नाव. आयुष्यभर बस चालवली, आता विमान चालवतो म्हणाला. मी पिशवीतून ड्रोन काढून दाखवला, पोटाचा नंबर दाखवला. तो बघून त्यानं टोपी काढली. मग माझ्या मॅन्युअलच्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत मी त्याला विचारलं, की बाबा रे, माझ्या भावाच्या अंगणातून मी उडवला आणि शेजारणीच्या हद्दीवरून नेला, तर पोलीस धरतात का?

ब्रायन सावकाश, मुलाला सांगावं तसं बोलला. "जिथून उडवता ती जागा तुमची हवी, किंवा मालकाची हो हवी. उंचीची मर्यादा पाळा. माणसांपासून लांब राहा. नजरेआड जाऊ देऊ नका. कुणाच्या खिडकीत डोकावू नका, कुणाच्या डोक्यावर घिरट्या घालू नका. वरून नुसतं गेलात म्हणून कुणी धरत नाही."

"पण भाऊ म्हणतो, परवानगी लागतेच."

"कायद्याला लागते असं नाही. शेजाराला लागते." तो हसला. "दार वाजवायचं. विचारायचं. माझ्या अनुभवात, विचारायला गेलं की लोक चहा देतात. न विचारता उडवलं की दगड देतात."

"ती फार वाईट बाई आहे. कुत्रं सोडते."

"कोण?"

"व्हिटकॉम."

ब्रायननं गाव डोळ्यांसमोर फिरवून बघितल्यासारखं केलं. "ह्या नावाचं इथं कुणी नाही," तो म्हणाला.

मला वाटलं, मी नाव चुकीचं उच्चारलं असेल. माझ्या इंग्रजीवर माझा विश्वास तेवढाच.

दुसऱ्या दिवशी रणजित कामावर गेल्या गेल्या मी खोबऱ्याच्या वड्या केल्या. कुत्र्यापुढं काही चालत नाही, पण म्हातारीचं तोंड गोड करता येतं. वाक्य पाठ केलं, आरशासमोर तीनदा म्हटलं. कुंपणाला कुठं वाट नव्हती, म्हणून सडकेनं वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले. जुना तबेला दुरुस्त करून त्याचं बैठं घर केलेलं होतं. समोर लहानशी मोटार. कुत्रं कुठंच नव्हतं. दाराजवळ आले आणि नाकात फोडणी शिरली. जिरं आणि हिंग. माझ्याच साडीला वास लागला असेल म्हणून मी पदर हुंगला. पदराला खोबऱ्याचा वास होता.

घंटी वाजवली. दार उघडलं.

वाक्य जिभेवर तयार होतं, ते थांबेना. "गुड मॉर्निंग मॅडम. आय ॲम युवर नेबर्स सिस्टर. आय वॉन्ट परमिशन."

समोर चारू उभी होती. हातात उलथनं, केसांना टॉवेल.

"वन्सं," ती म्हणाली, "आत या. कांदा करपतोय."

मी आत गेले. दुसरं काय करणार? तिनं गॅस बंद केला, खुर्ची पुसली, पाणी दिलं, वाकून नमस्कार केला. हे सगळं तिनं क्रमानं केलं, आणि मी वड्यांचा डबा धरून बघत राहिले.

"स्कॉटलंड लई जवळ आलं की गं," मी म्हणाले.

चारूला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी. "तुम्ही जाईपर्यंत असं ठरलं होतं. तो म्हणाला, अक्काला कळलं की आबांना कळणार. मी पहाटे पाळीवरनं आले की सडकेपासनं गाडी ढकलत आणते, वन्सं, आवाज येऊ नये म्हणून. माझ्याच घरात चोरासारखी. रोज सकाळी कुंपणाच्या फटीतून तुम्ही दिसता. आभाळाकडं बघत उभ्या असता."

"आणि म्हातारी? कुत्रं?"

"कुठली म्हातारी?"

मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "मला म्हातारी केली! पोस्टमन माझ्याकडं चहा घेतो हो."

मग थोडं थोडं कळलं. वेगळं होण्याचे कागद मागच्या वर्षी झाले होते. घर त्याच्याकडं, तबेला तिच्याकडं, रान अर्धं अर्धं. मी विचारलं, भांडलात का? मारलं का त्यानं? कुणी दुसरी आहे का? दुसरा? ती प्रत्येकाला नाही म्हणून मान हलवत राहिली.

"भांडायला आधी बोलावं लागतं, वन्सं. मी रात्रपाळी, तो दिवसपाळी. फ्रिजवर चिठ्ठ्या. मग चिठ्ठ्याही थांबल्या. एकमेकांचा राग यायला लागला होता, उगीच, चप्पल काढण्यावरनं. म्हटलं, पुढं जाऊन वैर होण्यापेक्षा आत्ताच शेजारी होऊ."

"आणि दिवाळीला त्याच्या मांडीला मांडी लावून करंज्या दाखवल्यास त्या?"

"करंज्या मीच केलेल्या. खुर्ची तेवढी त्याची होती."

मला काय वाटत होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एवढे दिवस मी वाऱ्याशी, मेंढ्यांशी, सैन्याच्या विमानांशी भांडले आणि हे सगळं ह्या एका कुंपणापायी. मी डबा टेबलावर आपटला.

"मला आबांना बांध दाखवायचेत, चारू. त्यांची नजर चाललीय."

"मग उडवा की. माझी कुठं ना आहे? मी एक दिवसही नाही म्हटलेलं नाही. मला कुणी विचारलंच नाही."

संध्याकाळी रणजित आला तेव्हा मी त्याच्यापुढं तिच्याच घरची पोळी-भाजी वाढली. त्यानं एक घास खाल्ला आणि हात थांबवला. चव ओळखीची असते.

"गेली होतीस," तो म्हणाला.

"परवानगी मिळाली. कुत्रं चावलं नाही."

त्यानं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "आबांना कळलं तर ते... अक्का, त्यांनी अख्खं आयुष्य वाटणी होऊ दिली नाही. आणि मी दोघांत वाटणी केली. बायकोशी! काय सांगू त्यांना? वरनं बघितलं की पहिलं तेच दिसतं, ते कुंपण. बाकी काही दिसतच नाही."

"म्हणून मेंढ्या व्याल्या होय?"

"मेंढ्या खरंच व्याल्या होत्या." मग एकदम पुढं झुकून म्हणाला, "तू लग्नाच्या व्हिडिओत नको ती माणसं काढून टाकतेस ना? तू उडव. सगळं काढ. फक्त ते कुंपण पुसून टाक. गवतावर गवत. आबांना काय कळणार आहे?"

"लग्नात नाचताना सुटलेला मामाचा पायजमा मी पुसते, रणजित. मामा पुसत नाही."

"अक्का, हात जोडतो."

"जोडू नकोस. शनिवारी उडवणार. आबांना थेट दाखवणार. त्याच्या आधी सांगायचं असेल तर तू सांग. नाही सांगितलंस तर ड्रोन सांगेल. त्याला लाज नाही वाटत."

शुक्रवारी त्यानं दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा आबांना औषधं घेतलीत का एवढं विचारून ठेवून दिला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. दात ओठ खात होते.

शनिवारी सकाळी पान हलत नव्हतं. आता तरी वारा सुटावा असं रणजितला वाटत असणार. चारू सडकेनं वळसा घालून आली आणि पुढच्या दाराची घंटी वाजवली. रणजितनं दार उघडलं. दोघं पाहुण्यासारखी उभी राहिली.

"ये ना."

"नको, अंगणातच बरं."

विट्यात दुपार झाली होती. आमच्या ह्यांनी स्टुडिओतला मोठा टीव्ही लावून आबांना समोर बसवलं होतं. इकडं माझ्या रिमोटवरच्या पडद्यासमोर रणजितनं त्याचा मोबाइल धरायचा, की तिकडं टीव्हीवर दिसेल, असा जुगाड. चित्र अर्धंच येत होतं.

"दोन्ही हातांनी धर," मी म्हणाले.

"आबा, रणजित बोलतोय," तो म्हणाला. "आधी एक सांगायचं होतं..."

"बोलशील मग. आदी दाव," आबा म्हणाले.

मी ड्रोन वर घेतला. घराचं छप्पर खाली गेलं, धुराडं गेलं, झाडांचे हिरवे गोळे झाले.

"हळू, सरू, हळू. एका अंगानं घे. बांधाच्या कडंकडंनं." आबांचा आवाज पंचाचा झाला होता. "ह्यो सडकंकडचा. बरा हाय. झाडं लावल्यात, माती धरतील. आता फिरीव. ह्यो वड्याकडचा. पानी कुठनं जातंय? हां, दिसलं. रान बेस हाय रणजित, उताराचं हाय, पर बेस हाय. फिरीव आता... थांब. थांब थांब. ह्यो मधी काय?"

मी थांबवला. ड्रोन जागच्या जागी गुणगुणत राहिला. तिकडून आमच्या ह्यांचा आवाज आला, "रेंज गेली काय?"

"रेंज न्हाय गेली," आबा म्हणाले. "पोरं गप झाल्यात."

"आबा, ते कुंपण आहे," रणजित म्हणाला.

"ते दिसतंय. कुणी घातलं?"

"आम्ही."

"आम्ही म्हंजे?"

"मी आणि चारूनं. पलीकडचं तिचं आहे. इकडचं माझं. आम्ही... आता एकत्र नाही, आबा. वर्ष झालं."

टीव्हीसमोर बसलेल्या माणसाचा श्वास एवढ्या लांबून ऐकू येतो हे मला माहीत नव्हतं.

"मोजणी कुणी केली?" आबांनी विचारलं.

"आम्हीच. फीत धरून. एका टोकाला ती, एका टोकाला मी."

"तंटा?"

"नाही, आबा. तंटा काहीच नाही झाला."

"तंटा न्हाय झाला," आबा सावकाश म्हणाले, "तर वाटणी कशापायी केली?"

मोबाइल धरलेला रणजितचा हात खाली यायला लागला. चारूनं पुढं होऊन त्याच्या कोपराखाली हात दिला, मोबाइल पुन्हा जागेवर आला.

"आबा, मी चारू."

"हायस व्हय तू तितं?"

"आहे. तंटा व्हायच्या आत केली, आबा. झाल्यावर करायला गेलो असतो तर फितीचं दुसरं टोक धरायला कुणी मिळालं नसतं."

ड्रोनची बॅटरी कमी होत होती, पडद्याचा कोपरा पिवळा झाला होता. मी ड्रोन तसाच हवेत धरून ठेवला.

"मी आन् नाना शेवटपत्तुर एका खात्यावर ऱ्हायलो," आबा म्हणाले. मला वाटलं आता तीच गोष्ट, चहाच्या आधीची. "बारा वर्सं एकमेकाशी बोललो न्हाय. सरूला इचार. मोटर बंद कर म्हनून सांगायचं तरी ही पोर मधनं पळायची. नाना गेला तवा बी आमचं बोलनं न्हवतं."

ते खरं होतं. एकाच सोप्यात दोघं पाठीला पाठ लावून जेवायचे, आणि "त्यास्नी सांग", "ह्यास्नी सांग" करत मी मध्ये उभी असायचे, दोन हातांवरच्या माणसाला. रणजितला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो कळता झाला तेव्हा नानाकाका जाऊन झाले होते आणि पाहुण्यांना सांगायची गोष्ट तेवढी उरली होती. तो माझ्याकडं बघत राहिला. मी होय म्हणून मान हलवली.

"सरू," आबा म्हणाले, "आजून रान राहिलंय. पलीकडचा बांध दावला न्हाईस."

मी अंगठा पुढं न्यायला आणि ते ओरडायला एकच गाठ पडली.

"थांब! तिकडं हद्द कुणाची?"

"चारूची, आबा. मी विचारलंय तिला."

"तू इचारलंस ते तुझ्यापुरतं."

गावात कुणाच्याही रानात न विचारता पाय ठेवायचा मान होता त्यांना. उभ्या पिकातून चालत जायचे आणि मालक बाजूला सरायचा.

"चारू," आबा म्हणाले, "तुज्या रानावरनं जाऊ देतीस का गं?"

चारूनं उत्तर द्यायच्या आधी ओढणी डोक्यावर घेतली. मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या पडद्याकडं होता, ती त्यांना दिसतसुद्धा नव्हती.

"या, आबा," ती म्हणाली. "फक्त दोरीवर कपडे वाळत घातलेत, तिकडं बघू नका."

"असू दे की. मला कुटं समदं दिसतंय आता."

मी अंगठा पुढं रेटला. ड्रोन कुंपण ओलांडून पलीकडं गेला, आणि तिकडं विट्यात फरशीवर खुर्ची घासत पुढं ओढल्याचा आवाज आला.